मागची जाळी बारीक कर

मीरा रोड

ती. वासंतीमावशीस,

अथर्वचा साष्टांग नमस्कार (सध्या पाठ धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच घातलाय असं समज). तुझा गुडघा कसा आहे? आईचं ब्लडप्रेशर ठीक आहे, स्वभाव पूर्वीसारखाच. फोनवर मी बोलतो एक आणि तू ऐकतेस भलतंच, म्हणून हे पत्र.

रविवारी डोंगरीला आलो तेव्हा तुझ्या मागच्या सगळ्या खिडक्यांना चकचकीत नवी जाळी दिसली. इतकी बारीक, की डासांबरोबर वाराही बाहेर ताटकळत होता. वर तू मलाच म्हणालीस, "तूच बोललास ना, मागची जाळी बारीक कर, नायतर धोका कळणार नाय?" अगं मावशी, तुझ्याशी बोलून झाल्यावर फोन चुकून चालू राहिला होता आणि मी ते ऑफिसातल्या नेहाला सांगत होतो! तुझ्या घरामागच्या कापलेल्या टेकडीला गॅबियनची भिंत घालायची आहे, म्हणजे तारेच्या पेट्यांत दगड भरून त्या एकावर एक रचायच्या. ही भिंत आम्ही आधी कॉम्प्युटरवर उभी करतो. त्यासाठी टेकडीच्या चित्राचे बारीक बारीक तुकडे पाडावे लागतात, त्या विणीला आम्ही जाळी म्हणतो; ती भिंतीमागे जितकी बारीक, तितका माती कुठे सुटेल ते नेमकं कळतं. पेट्यांची तारही जाळीच (आमच्यातही यावरून एकदा भांडण झालंय, तेव्हा तुला हसण्याचा मला हक्क नाही).

पहिल्यांदा मी अख्खी भिंत एकसंध ठोकळा धरली. ती जागची हलेना. साहेब खूश! नेहा मात्र म्हणाली, "पेट्या फेविकॉलने चिकटवल्यास काय?" मग प्रत्येक थर वेगळा धरला, नुसता वजनावर आणि घर्षणावर टेकलेला. आता भिंत जराशी सरकली, पाणी तिच्यातून निघून गेलं, आणि ती उभी राहिली. मला ती आधीपेक्षा आवडली. तू आणि आई अशाच आहात, कुरकुरत एकमेकींना टेकून.

मग चित्रातली भिंत काढून टाकली आणि आजची टेकडी पाण्याने भिजवून पाहिली. सॉफ्टवेअर अर्ध्यात थांबलं आणि माती कोसळल्याचं सांगून मोकळं झालं. चित्रात तुझं घर म्हणजे एक आडवी रेघ आणि तिच्यावर थोडं वजन. त्या रेघेत तू दुपारची झोपतेस. मला भीती वाटली, सरळच सांगतो.

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
अथर्व

ता. क. भिंतीचं काम दिवाळीनंतर सुरू होणार. तोवर, निदान पावसाळाभर, आमच्याकडे राहायला ये. "ती घोरते," असं म्हणत म्हणत आईने खिडकीजवळचा पलंग तुझ्यासाठी रिकामा केलाय. तुझ्या खिडक्यांची जाळी राहू दे, टेकडी नाही तरी डास अडतील.

ता. क. २ : भिंत बांधल्यावरचं चित्र सोबत जोडलंय. त्यात ती तुझ्या अंगणात वाकलेली दिसेल, घाबरू नकोस. सरकणं डोळ्यांना दिसावं म्हणून आम्ही ते शंभरपट मोठं करून दाखवतो. काळजी मात्र आहे तेवढीच लिहिली आहे.