उलटे सिंह उमटलेला रुपया

आबा, तुमचा तो रुपया काल मी तपासला. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढे दिवस तो तुमच्या मायक्रोमीटरच्या डबीतच होता. आईनं डबी भंगारात द्यायला काढली तेव्हा सापडला.

नाणी तपासणं हा आता माझा धंदाच आहे. टाकसाळीत चुकून वेडंवाकडं छापलं गेलेलं नाणं हौशी लोक चढ्या भावानं घेतात, त्यामुळे तशी चूक घरी बसून बनवणारेही पुष्कळ. कुठली चूक खरी आणि कुठली केलेली, एवढंच मी सांगते. उचगावहून, गडमुडशिंगीहून माणसं रुमालात नाणी बांधून येतात. "म्याडम, मोबाइलवर असलंच लाखाला गेलंय की!" मी वजन करते, भिंगाखाली धरते आणि बहुतेक वेळा नाही म्हणते. समोरच्याचं तोंड उतरतं. मला त्याचं फारसं काही वाटत नाही.

तुम्हाला तो रुपया शिरोलीत, कारखान्यासमोरच्या टपरीवर सुट्ट्यात मिळाला होता. एका बाजूला नेहमीचे सिंह, आणि दुसरीकडे आकडा असायचा तिथेही सिंहच, पण आरशातल्यासारखे उलटे आणि आत खचलेले. आई भाकरी थापत होती. तुम्ही तिच्या परातीतल्या पिठावर तो दाबलात आणि पिठात सिंह सरळ उठले. "आमच्या प्रेसवर बी असंच हुतंय. आदला पीस डायच्या ठशाला चिकटून ऱ्हातोय, आन् पुढच्या पत्र्यावर त्याचंच तोंड उमटतंय." जन्मभर प्रेस चालवलेला माणूस, एकही पुस्तक न उघडता अगदी बरोबर सांगत होता.

पुस्तकं मी वाचली होती. नाण्यांच्या प्रदर्शनात मी नुकती नाणी पारखायला टेबलाशी बसायला लागले होते, भोवती चार जाणते संग्राहक, आणि तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून येता. खचलेले सिंह वर करून रुपया माझ्यासमोर ठेवता. "बघा पावणं, ह्यात काय हाय ते माझी पोरगी सांगंल!" मी म्हणते, "दोन नाणी व्हाइसच्या पकडीत आवळली की असं होतं, आबा. असली ढिगानं येतात." एक जण तुम्हाला विचारतो, "पावणं, कारखान्यात कामाला का?" बाकीचे हसतात. तुम्ही रुपया उचललात. "असंल बाई. तू शिकल्याली हाईस." त्यानंतर तुम्ही सुट्टे पैसे कधी निरखून पाहिले नाहीत. मी समजले, हौस फिटली.

तर कालचं सांगते. वजन बरोबर आहे. खचलेल्या सिंहांखाली आकड्याचा मागमूस नाही. आवळलेल्या नाण्यात तो थोडा तरी उरतोच. दुसऱ्या बाजूचे सिंह टोकदार आहेत. व्हाइसमध्ये ती बाजू चेपते. तीनदा पाहिलं. रुपया खरा आहे. तुमचं बरोबर होतं आणि मी तुम्हाला चारचौघांत लबाड ठरवलं. मला त्याची लाज वाटते.

आई म्हणते, लहान होतीस, चुकलीस. हे पत्र कुठे पोचणार नाही, म्हणून लिहिते: तपासल्याशिवाय नाण्याबद्दल बोलू नये, एवढं मला तेव्हाही कळत होतं. भिंग समोरच होतं, ते मी उचललं नाही, नाणं उलटूनसुद्धा पाहिलं नाही. तुमचा आवाज मोठा होता, लोक बघत होते, आणि तुम्ही तिथून लवकर जावं असं मला वाटत होतं.