आईचं दुर्बिणीचं ऑपरेशन अन् उपाशी रक्तदाते

६ फेब्रुवारी
मोबाईलात लिहून राहिली. स्पेलिंग चुकन, शाळा नववीतच सुटली. टाईप एका बोटानं, हळूहळू. कोणाच्या हाती लागलं तं माफ करा.

आज डॉ. मॅडमनं आईच्या लिव्हरमधली गाठ कॉम्प्युटरवर दाखवली. लिंबाएवढी. पोट फाडणार नाई, बारीक भोकं पाडून दुर्बिणीनं काढतीन. भेव रक्ताचं. लिव्हर कापलं का धार लागते म्हणे, अन् आईच्या अंगात आधीच रक्त कमी.

मॅडम म्हणे, "लिव्हरकडे जाणाऱ्या रक्ताच्या नळीभोवती पोटातच पट्टी घालतो. आवळली की रक्त थांबतं, तेवढ्यात कापायचं. मग सैल करून लिव्हरला दम घेऊ द्यायचा. पुन्हा आवळायची."

बाबा म्हणे, "म्हणजे वावरातल्या पाइपाचा वॉल्व."

मले विचाराचं होतं, वॉल्व खोलल्यावर रक्त येतच राहिलं तं? तोंडच उघडलं नाई. नेहमीचंच.

८ फेब्रु.
खापा गावाहून मामा चार-पाच गडी घेऊन आला, आईसाठी रक्त द्याले. साऱ्यायचे चेहरे सुकलेले. रक्तपेढीतली ताई म्हणे, "सकाळी काय खाल्लं?"

मामा छाती काढून, "काईच नाई! बहिणीचं ऑपरेशन होतवर साऱ्यायले कडक उपास. पाणीबी नाई."

ताईनं कपाळाले हात लावला. "उपाशी माणसाचं रक्त नाई घेत काका. चक्कर येऊन पडसान सारे. पहिले खाऊन या."

वरात पोह्याच्या ठेल्यावर. पोह्यावर वाढलेला लाल रस्सा, तर्री, पाहून मामा, "आता देवाले काय सांगू वं पिंके?"
"सांग, आईसाठीच खाल्लं."
माह्या तोंडून मोठ्यानं निघालं वाटते. सारे हासले. मामानं दोन प्लेटा हाणल्या.

मी बी देल्लं. अठरा पूर्ण हायेत. बिस्किटपुडा भेटला!

९ फेब्रु.
आईले आत नेलं. स्ट्रेचरवरून म्हणे, "तुम्ही पोहे हाणा, अन् उपाशी मी एकटी!" हासतच गेली. मंग बाहेर बाबा नुसते चप्पल काढे, घाले...

मॅडम आल्या. "गाठ निघाली. रक्त वाटीभरच गेलं. बाहेरचं द्यावंच लागलं नाही."
मामाचं तोंड पडलं. "मंग आमचं रक्त?"
"दुसऱ्या कोणाच्या बहिणीला जाईल."
लगेच खुश.

अन् मी विचारलं! मी! "पट्टी सोडल्यावर रक्त आलं नाई?"
मॅडम माह्याकडे वळल्या. "आलं ना. दोन जागी झिरपत होतं. टाके घातले, वाट पाहिली. कोरडं दिसलं तेव्हाच बाहेर आले."
मंग मी रडली. चांगलं रडली.

१२ फेब्रु.
आई वॉर्डात चालून राहिली. बाजूच्या बाईले पोट दाखवते, "पाह्य वं, एवढूशी भोकं." गाठीचा रिपोर्ट यायचा हाय. मॅडमले वाटते साधी असन, कॅन्सरची नाई, पण कागद आल्याबिगर सांगत नाई. आई म्हणे, येईन तवा पाहू, पहिले मले पोहे...

थांबा! बाबाचा फोन. मागच्या वर्षी चोरी गेलेली त्याची सायकल लकडगंज भागात सापडली. चोरानं गुलाबी रंग मारला!!