तिरका सुळा

४ मार्च

ती. थोरल्या काकांस,
ठकीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी आत्ता उत्तर लिहितेय, तेव्हा आधी कान धरते. दंतवैद्यकीचं कॉलेज शेवटच्या वर्षात सोडून मी कवळ्या बनवायला लागले, त्याला आता आठ महिने झाले. दिवसभर करतेस काय, असं तुम्ही विचारलंत. खिडकीजवळच्या टेबलाशी बसते. समोर प्लास्टरचा जबडा, शेजारी मेण वितळवायचा दिवा आणि ट्रेमध्ये रांगेनं मांडलेले दात. एकेक उचलायचा, मेणात बसवायचा, लांबून बघायचा, नाही पटला की पुन्हा काढायचा. आमचे वस्ताद म्हणतात की हात चांगला आहे, पण ही गोगलगायीची सख्खी बहीण आहे. कॉलेजात याच हातापायी सरांची बोलणी खाल्ली. मी एका दातावर तास घालवायची आणि बाहेर पेशंट ताटकळत बसायचे. इथे त्याच तासाबद्दल वस्ताद शाबासकी देतात.

बाबांचं तुम्ही जाणताच. एवढा मोठा दवाखाना, एवढं नाव, आणि एकुलती एक मुलगी कारागीर! ते माझ्याशी बोलत नाहीत, आईकडून निरोप येतात. आता कॉलेजनं मला परत घ्यायची तयारी दाखवली आहे. फॉर्म तीस एप्रिलपर्यंत पोचायला हवा. बाबांनी तो सगळा भरून पाठवलाय, फक्त सही माझी बाकी आहे. काका, खरं सांगू? मी थकलेय. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी डॉक्टर झाल्या, आणि माझं काय चाललंय असं कोणी विचारलं की आई घाईघाईनं विषय बदलते. सही करू की नको? तुम्ही म्हणाल तसं करीन.

आणखी एक. बाबांनी करून दिलेली नवी कवळी तुम्ही घालतच नाही म्हणे. का हो, टोचते का? मला पाठवून द्या, बघते काय करता येतं ते.

उशिराचा राग जरूर धरा, पण त्यापायी लोभ आटवू नका.

तुमची,
ठकी

---

१३ मार्च

चि. ठकीस,
काकाचे भरघोस आशीर्वाद.

कान सोड, लाल झाले असतील एव्हाना.

कवळी अजिबात टोचत नाही. तुझा बाप कामाचा पक्का आहे. अडचण आहे ती आरशात बघितल्यावर. अडुसष्टाव्या वर्षी इतके पांढरेशुभ्र, शिस्तीत उभे दात घेऊन बाहेर पडलो तर किराणावाल्यानं विचारलं, काय काका, मुलगी बघायला निघालात का. दोन दिवस घातली आणि ठेवून दिली. तिशीत पुस्तकबांधणीच्या कारखान्यात दाबयंत्राचा दांडा तोंडावर बसून माझे पुढचे दात गेले, तेव्हापासून एका जुन्या कवळीवर निभावलं. तीही आता तुटली. नवी तुला पाठवतोय. तोवर सगळं कुस्करून खाईन, मला कुठे घाई आहे.

सहीचं मात्र मला विचारू नकोस. मी नको म्हणालो आणि तू ऐकलंस, तर बापाऐवजी काकाचं ऐकलंस, एवढाच काय तो फरक. तुझा जीव कुठे रमतो ते तुलाच ठाऊक. तुझ्या बापाला मी पाठीशी घालत नाही, पण तो दुष्ट नाही गं. आमच्या घरातून शिकून वर आलेला तो एकटा. त्यापायी त्याला काय काय सोडावं लागलं हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, आणि मीही विचारलं नाही, ही माझी चूक.

पत्र लवकर लिही. माया आहेच, ती अधूनमधून दोन ओळी लिहून ताजी ठेवत जा.

काका

---

९ एप्रिल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

सोबतच्या डब्यात तुमची कवळी आहे. लगेच उघडू नका, आधी हे वाचा. तळ पूर्वीचाच ठेवलाय, दात तेवढे बदललेत. रंग जरा पिवळसर घेतला, कडा किंचित झिजवल्या. मग प्रश्न पडला की तुमचे मूळचे दात होते तरी कसे? ते माझ्या जन्माआधीच गेलेले. गेल्या महिन्यात घरी गेले होते, तेव्हा बाबांच्या कपाटात पुस्तकांमागे तुम्हा दोघा भावांचा एक फोटो सापडला. विशीतले दोघं सायकली धरून उभे, दोघंही काटकुळे, नाकं एका साच्यातली. एकानं ओठ घट्ट मिटलेत. दुसरा मान मागे टाकून खदखदून हसतोय, आणि त्याचा वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर तिरका चढून बसलाय. यातलं कोण कोण, हे कोणाला विचारायची गरजच नव्हती. हसणारे ते तुम्ही, तोंड मिटलेले ते बाबा! फोटो गुपचूप उचलून आणला आणि भिंगातून बघत बघत तो सुळा लावला. अकरा वेळा काढला आणि बसवला. वस्ताद म्हणाले, वाकडा बसलाय, सरळ कर. मी नाही केला.

फॉर्मवर परवा सही केली. पाठवलेला नाही, टेबलाच्या खणात आहे. खणाशी हात गेला की मला दुसरंच काहीतरी काम आठवतं.

घालून बघा आणि खरं काय ते कळवा. काम बिघडलं असेल तर खुशाल रागवा, माया तेवढी राहू द्या.

तुमची,
ठकी

---

१७ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फॉर्म परत पाठवतेय. सही केली होती, ती खोडली आहे. आज सकाळी एक अवघड जबडा हातात घेतला आणि मान वर केली तेव्हा चार वाजले होते. जेवणाचा डबा तसाच होता, भूक लागल्याचंही कळलं नव्हतं. कॉलेजात असं एकदाही झालं नाही. तुम्ही रागवाल, आईला बोलाल, हे सगळं मला दिसतंय. पण बाबा, हे काम मला येतं आणि मला ते सोडायचं नाही.

रागातसुद्धा मला तुमचीच समजा.

ठकी

---

१८ एप्रिल

चि. धाकट्यास,
दादाचे आशीर्वाद. तू केवढाही डॉक्टर झालास तरी माझ्या पत्रात चि.च राहणार.

ठकीनं माझी कवळी नव्यानं करून पाठवली. ती घातली, दाढीच्या आरशासमोर हसून बघितलं आणि आरसा उचलून खिडकीच्या उजेडात नेला. आरशात मी नव्हतो रे, तू होतास. आपला सायकलींचा फोटो पोरीला तुझ्या कपाटात सापडला आणि हसणारा तो मीच, असं तिनं धरून टाकलं. माझ्या तोंडात तेव्हा लिमलेटची गोळी होती म्हणून मी ओठ मिटलेले, हे तिला कसं कळावं? बापाला खदखदून हसताना तिनं जन्मात बघितलेलं नाही.

तुला आवडो न आवडो, आठवतंय ते लिहितो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कोणा प्राध्यापकानं भर वर्गात तुला विचारलं होतं, असलं तोंड घेऊन लोकांचे दात बघणार का. त्या सुट्टीत तू तो सुळा उपटून टाकलास आणि सरळ खोटा दात लावून घरी आलास. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. पण त्यानंतर तुझं ते हसणं गेलं ते गेलंच. हसू आलं की तुझा हात तोंडावर यायचा. मी थोरला भाऊ, तरी एका शब्दानं तुला विचारलं नाही. त्याची मला लाज वाटते.

ठकीच्या फॉर्मचं तिनं मला लिहिलं होतं. तिला कॉलेजात परत ढकलू नकोस. तुझं जे झालं ते तिचं व्हायला नको. तिची गफलत मी अजून तिला कळवलेली नाही. तू आधी इकडे ये आणि डोळ्यांनी बघ.

वाट बघतोय. जुना लोभ कुठे ठेवला असशील तिथून काढून सोबत घेऊन ये.

दादा

---

२६ एप्रिल

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

खोडलेल्या सहीचा फॉर्म मिळाला. इतका संताप आला की उत्तर लिहायला बसलो आणि चार कागद फाडले. दुसऱ्या दिवशी दादाचं पत्र आलं. दवाखाना बंद ठेवून त्याच्याकडे जाऊन आलो.

आधी तुझी चूक सांगतो. फोटोत हसणारा मी आहे. तोंड मिटलेला दादा. त्याचे दात सरळच होते. मी दिलेली कवळी त्याला जाहिरातीतली वाटली, पण त्याचे विशीतले दात आठवून आठवून मी ती कारागिराकडे चार वेळा परत पाठवून करून घेतली होती. तू ते सगळे दात काढलेस आणि माझा सुळा त्याच्या तोंडात बसवलास. सुरुवातीला मला याचंही वाईट वाटलं.

मी दाराशी पोचलो तर दादा मुद्दाम हसला. ठकी, मी चपला न काढता तिथेच उभा राहून रडलो. मग त्याला उजेडात बसवून दात तपासला. त्याचा कल, शेजारच्या दातावरची झीज, सगळं बरोबर आहे. माझ्या हातून इतकं चांगलं झालं नसतं. म्हटलं, दे, ठकीकडून तुझे खरे दात लावून आणतो. तो द्यायलाच तयार नाही. म्हणतो, तुझं हसणं चाळीस वर्षांनी सापडलंय, आता मी सोडणार नाही.

तुला कॉलेजात धाडायला मी एवढा का धडपडत होतो, याचा परतीच्या वाटेवर विचार केला. मी स्वतःचं जे केलं ते योग्यच होतं, हे मला तुझ्याकडून सिद्ध करून हवं होतं. त्याचा त्रास तुला झाला. फॉर्मचा विषय संपला, आईलाही तसं सांगितलंय.

आता एक काम. बुधवारी एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. कवळी हवी, पण पुढच्या दोन दातांमधली फट होती तशीच ठेवा म्हणतात, नाहीतर नातवंडं जवळ येणार नाहीत. अशा लोकांची मी आजवर समजूत घालत आलो आणि सरळ दात लावून पाठवत आलो. या बाईंना तुझा पत्ता दिला. त्यांची लेक तुमच्याच गावात असते, सोमवारी येतील. सोबत द्यायची चिठ्ठी लिहिताना मी बराच वेळ अडलो. गेले नऊ महिने कोणी विचारलं की मी सांगत होतो, मुलगी अभ्यासाच्या रजेवर आहे. शेवटी लिहिलं की ही माझी मुलगी, दात फार छान करते. चिठ्ठी बाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. बाहेर बसलेल्या सगळ्यांनी ऐकली.

लोभ मागायची मला सवय नाही, म्हणून एकदाच लिहितो. असू दे.

तुझे,
बाबा