पुलापलीकडचं औषध

३ मार्च
बायकोची, नादीनची, दुसरी केमो. सकाळपासून उलट्या. टोस्टच्या वासानंही तोंड फिरवते. डॉक्टर दार लोटून हळूच म्हणाले, "मला लिहून देता येत नाही, पण नदीपलीकडे ओरेगनमध्ये गांजाचं औषध दुकानात उघड मिळतं, त्यानं बऱ्याच जणांना जेवण जातं." मी ताडकन सुनावलं, की आम्ही आयडाहोचे, आमच्या राज्यात गांजाला बंदी, आणि मी गावच्या गांजाविरोधी कमिटीचा अध्यक्ष आहे. डॉक्टरांनी फाइल मिटली. गाडीत नादीन डोळे मिटून बसली. थकली असणार.

५ मार्च
नादीननं स्वतःच विषय काढला. "डेल्बर्ट, एकदा आणून तर बघ. पूल ओलांडायचा आणि यायचं." शांतपणे समजावलं: आयुष्यभर शाळेत फुटबॉल शिकवला, पोरांना सांगत आलो, नियम म्हणजे नियम. म्हणाली, "मला फुटबॉल खेळायचा नाहीये रे. वाटीभर सूप पोटात राहू दे, एवढंच."
संकल्प: सूप रोज मी करणार. ताजं.

६ मार्च
सूप खारट. ती वासावरच उठून गेली.

८ मार्च
ओरेगनला जाऊन आलो. केवळ अभ्यासासाठी. समोरच्या टीमचा खेळ बघितल्याशिवाय सामना जिंकता येत नाही. त्या दुकानाच्या पार्किंगमध्ये निम्म्या गाड्या आमच्याच राज्याच्या. निषेध केला (मनात). दारातच मिसेस ओडेगार्ड, आमच्या कमिटीच्या सेक्रेटरी, हातात कागदी पिशवी. मी म्हणालो, कांदे घ्यायला आलोय. त्या म्हणाल्या, "अगबाई, मीपण!" मग एकमेकांवर नजर ठेवून दोघांनी रस्त्यापलीकडून खरंच कांद्याची एकेक गोणी घेतली.
घरभर कांद्याचा वास. नादीन बाथरूममधून बाहेर येईना.

१२ मार्च
आज घेतलंच. नवऱ्याचं कर्तव्य, कायदा एक दिवस थांबेल. जेलीसारख्या गोळ्या, लहान मुलांच्या खाऊसारख्या दिसतात. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, आधी अर्धीच द्या हं. चढायला वेळ लागतो, घाई करू नका." मला कळतं, म्हणालो.
पूल संपताच मागे पोलिसांची गाडी. दिवे लागले. डोकं शांत ठेवलं आणि पाकीटभर गोळ्या खाऊन टाकल्या. पुरावाच नको.
खिडकीशी आला तो ब्रॅडी, माझ्याच जुन्या टीममधला. "कोच, मागचा लाइट गेलाय तुमचा. आणि मॅडम कशा आहेत? आई रोज त्यांची आठवण काढते." तोंड भरलेलं होतं. मान हलवली.

१३ मार्च
कालचं नीट आठवत नाही. नादीन सांगते, मी स्वयंपाकघरात जमिनीवर झोपून, फ्रिज मला रागावतोय म्हणून रडत होतो. आईला हाका मारत होतो. आणि ती, जिला उभं राहवत नाही ती, स्वतःची बादली माझ्या तोंडाखाली धरून बसली होती.
सकाळी एवढंच विचारलं: "माझ्यासाठी एकही नाही ठेवलीस?"
लाज वाटली. दुसरा शब्द नाही.
संकल्प: गावसभेत सगळ्यांसमोर खरं सांगायचं. आजाऱ्यांना तरी सवलत हवी. भाषण तयार. आरशासमोर फार छान झालं.

१८ मार्च
सभा. हॉल गच्च. मिसेस ओडेगार्ड पहिल्या रांगेत. नादीन मागे, डोक्याला रुमाल बांधून. उठलो, तर लोक "कोच! कोच!" म्हणत टाळ्या वाजवू लागले. आणि तोंडातून जुनंच भाषण निघालं. अख्खं. पोरांच्या भविष्यासकट. 'औषध म्हणूनही नको' हा ठराव एकमतानं पास. हात वर केला तेव्हा मागे पाहिलं. ती नव्हती.
गाडीत बसली होती. म्हणाली, "आवाज छान लागला होता."

२० मार्च
नादीन बहिणीकडे गेली, नदीपलीकडे. केमो संपेपर्यंत. उत्तम तोडगा. तिला औषध मिळेल, कायदाही शाबूत, कमिटीही. मीच सुचवणार होतो. बॅग मीच उचलून दिली. मेहुणी कॉरिननं माझ्या हातातून ती घेतली, माझ्याकडे न बघता.

२४ मार्च
भेटायला गेलो. माफी कशी मागायची ते वाटेत वाक्य-वाक्य जुळवलं होतं.
कॉरिननं दार उघडलं. "या अध्यक्ष."
नादीन टेबलाशी तळलेले बटाटे खात होती. वर अंडं. हनुवटीला लोणी लागलेलं. टीव्हीवर कुणीतरी घसरून पडलं, तर खळखळून हसली. तिला काही चावताना बघून किती दिवस झाले होते.
मी म्हणालो, "घरी कधी येतेस?" जुळवलेल्यातलं एकही वाक्य आलं नाही.
तिनं सावकाश घास गिळला. "घरी कसं जमेल, डेल्बर्ट? तिथं मनाई आहे ना." रागानं नाही. बाहेर थंडी आहे म्हणावं, तसं.
मग पुढचा घास घेतला. मी टोपी हातात धरून उभा. समोरची खुर्ची मोकळी होती. बस म्हणालं नाही कुणी.