शिळ्या बिल्डचा बंदोबस्त

२१ नोव्हेंबर २००६, सकाळी १०.०५
आजपासून रोजनिशी ऑफिसच्या मशीनवर. तारीख मशीनच टाकतं, हाताने चुका होतात. संकल्प: चेकर. मच्छीमार सोसायटीचं सॉफ्टवेअर नितेश रोज नव्याने बांधतो, त्याला बिल्ड म्हणायचं. सोबत माहितीची फाईल: आवृत्ती कितवी, कोणी बांधली, कधी बांधली. माझा चेकर ती वाचणार आणि एक जरी नियम मोडला तरी बिल्डला लाथ घालणार. नियम पहिला: बिल्ड आजचीच हवी. २९ला, बुधवारी, मालवणात सॉफ्टवेअरचं उद्घाटन. त्याआधी आमचे मालक दाजी टीम लीडर नेमणार. म्हणजे मला.

खरं तर आज वीस तारीख, सोमवती अमावास्या. आई म्हणाली, "अमावाशेक नवीन काम सुरू करू नको रे प्रितम." म्हणून मशीनचं घड्याळ एक दिवस पुढे सारलं. आई खूष, काम सुरू. उद्या आठवणीने मागे घेणार.

२३ नोव्हेंबर
चेकर तयार. नितेशची बिल्ड घातली. फेटाळली. बांधल्याची तारीख कालची. दुसरी मागितली, तीही कालची. शिळा माल खपवतो. स्टेपलर फेकून मारला, कानाजवळून गेला. नेम सुधारणे.

कारण त्याला सांगितलं नाही. चोराला पुरावा दाखवत नाहीत. तो म्हणाला, "आधी तुझां मशीन बघ." मशीनला पासवर्ड घातला.

२५ नोव्हेंबर
पेपरवाला भिकाजी रोज कालचा पेपर टाकतोय. जाब विचारला तर हसला. त्याची सायकल ओढ्यात ढकलली. नितेशची बिल्ड पुन्हा शिळी. त्याचा चहाचा कप फोडला. उद्या रविवार, विश्रांती. हात दुखतो.

२७ नोव्हेंबर
सोमवार, आणि ऑफिसला कुलूप. या लोकांना शिस्तच नाही. लाथ मारून दार उघडलं, बिजागरी तुटली. डब्यात तळलेला बांगडा. सोमवारी. घरी फोन करून ओरडलो. आई म्हणाली, "अरे, आज आयतवार मरे." सोमवारला रविवार म्हणते, वय झालं तिचं. डबा भिंतीवर आपटला. मग भूक लागली. देवाची माफी मागून उचलून खाल्ला.

२८ नोव्हेंबर
दाजींनी विचारलं, शनिवारी न सांगता कुठे होतास आणि दार कोणी फोडलं. शनिवारी मी हजर होतो, रोजनिशीत नोंद आहे. दाराबद्दल नितेशचं नाव सांगितलं. बिल्ड फेटाळली, सातव्यांदा.

२९ नोव्हेंबर, सकाळी
उद्घाटनाचा दिवस आणि नितेश इथेच, ओरोसच्या आमच्या ऑफिसात बसून चहा पितोय. म्हणतो, मालवणला उद्या जायचंय. बिल्ड परत कालची. कॉलर धरली, कीबोर्ड डोक्यात घातला. त्याने एकच ठोसा मारला. पुढचा दात टेबलावर आहे. दाजी येताहेत. आता निकाल लागेल, माझ्या बाजूने.

२८ नोव्हेंबर, संध्याकाळी
तारीख दाजींनी बदलली. माझ्या खुर्चीत बसले, पासवर्ड मागितला, स्क्रीनच्या कोपऱ्यात बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "झिला, ह्या घड्याळाक खंयची घाई?" घड्याळ एक दिवस मागे घेतलं. नितेशची बिल्ड एका सेकंदात पास. चेकर उत्तम चालतो, हे कोणीच म्हणालं नाही.

टीम लीडर नितेश. त्याच्या डोक्याला चार टाके. कुणाकडे तक्रार करणार नाही म्हणाला, त्याचीच जास्त लाज वाटते. भिकाजीची सायकल ओढ्यातून काढायची आहे. बिजागरी बसवायची आहे.

आईने पेज दिली. दाताचं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "अमावाशेक नको म्हणान सांगितलंय मा?"

उद्या एकोणतीस, मालवणला उद्घाटन. मला नेणार नाहीत. तसाही तो दिवस मी एकदा काढलाय.