पुलाचे सहा खण

२ फेब्रुवारी

एकमताने ठरलं — फोटोचे सहा तुकडे.

बैठक एब्बेकडे. तो मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून केक विकतचा असतो. मुद्दा एकच: नगरपालिकेला आमचा पोहण्याचा पूल, किनाऱ्यावरून पाण्यात गेलेला लाकडी धक्का, पाडायचा आहे. लाकूड कुजलंय म्हणे, दुरुस्ती परवडत नाही म्हणे. सव्वीस तारखेला सात जणांची समिती मत देणार. हिवाळ्यात फ्योर्डच्या, आमच्या खाडीच्या, पाण्यात उतरणारे म्हणजे चार चक्रम म्हाताऱ्या, असा त्यांचा समज आहे. पोहणाऱ्यांच्या मंडळात आम्ही सहासष्ट आहोत. प्रतीक्षायादीत आणखी एकशे चाळीस!

कल्पना प्रेबेनची. हा निवृत्त भूमापक; अजून खिशात टेप बाळगतो. सगळ्यांना पुलावर उभं करून एक रुंद फोटो काढायचा, कापायचा, आणि मंडळाच्या इन्स्टाग्रामवर तुकडे असे टाकायचे की आमचं पान उघडलं की ते जुळून अख्खा पूल दिसावा. एका ओळीत तीन खण, दोन ओळी. वर आकाश, खाली पूल आणि आम्ही.

"आणि ज्याला एकच तुकडा दिसला, त्याने काय समजायचं?" — एब्बे.

"बाकीचे पाच कुठेतरी असणार हे समजायचं. विचारी माणसाला तेवढं कळतं."

चिटणीस मी, म्हणून खातं माझ्या ताब्यात. इतिवृत्त लिहून झालं. केक कोरडा होता.

४ फेब्रुवारी

रुग्णालयात अग्नेटेकडे. मंडळाची सभासद क्रमांक एक. तीस वर्षं याच पुलावरून तिने फ्योर्डकाठच्या निम्म्या पोरांना पोहायला शिकवलं — कमरेला दोरी बांधून, दोरीचं टोक स्वतःच्या हातात. आणि एकतीस वर्षं रोज सकाळी सहाला आम्ही दोघी पाण्यात. पाण्यात बोलायचं नाही हा तिचा नियम. चांगला नियम.

आता बोलते. बारीक झाली आहे. फोटोचं सांगितलं तर इतकी हसली की नर्स डोकावली.

"रिग्मोर, कापायच्या रेघेवर कुणी उभं राहायला नको ना? मग ती जागा मला द्या! मी तशीही येणार नाही."

मी म्हटलं, रेघा दोन आहेत.

"मग दोन्ही द्या. सभासद क्रमांक एक आहे मी."

डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, होल्गरला, काय सांगितलं ते होल्गरने मला सांगितलं नाही. हातात टोपी घेऊन दाराशी उभा होता. न सांगता कळलं.

९ फेब्रुवारी

फोटो झाला. पाणी दोन अंश, हवा उणे एक, वारा ईशान्येचा. चौसष्ट हजर. अग्नेटे नाही, आणि एकजण मुलीकडे गेलेला. सगळे पोहण्याच्या कपड्यांत — गाऊन घालून थंडी दिसत नाही, असा प्रेबेनचा आग्रह. त्याने फळ्यांवर पांढरी चिकटपट्टी लावून दोन जागा आखल्या होत्या. तिथं कुणी उभं राहायचं नाही.

लोक राहिले. लोक राहतातच.

"तुला मधोमध कापू का?" प्रेबेन किनाऱ्यावरून ओरडत होता. "तू, हिरव्या टोपीवाले! अर्धी आत घे नाहीतर अर्धी बाहेर!"

"कुठली अर्धी?" ती ओरडली.

एब्बे समुद्राकडच्या टोकाला, सगळ्यांत शेवटी, छाती पुढे काढून. अध्यक्षाची जागा म्हणे. अशी जागा नियमावलीत नाही.

बावीस मिनिटं लागली. कुणीही कुरकुर केली नाही. हे लिहून ठेवायला हवं.

१० फेब्रुवारी

एब्बेने घोळ घातला!

प्रेबेनने तुकडे दोघांनाही पाठवले होते, पासवर्ड एब्बेकडेही आहे. मी दंतवैद्याकडे असताना त्याने उत्साहाने डावीकडून उजवीकडे, वरून खाली, वाचतो तसे सहाही टाकून दिले. नवं ते आधी दिसतं, हे त्याला माहीत नाही. त्यामुळे आता माणसं वर आहेत आणि आकाश खाली. समुद्राकडचं टोक किनाऱ्याच्या जागी. एब्बे स्वतः सगळ्यांच्या आधी, डावीकडच्या पहिल्या खणात.

"मला तर छान वाटतं," म्हणाला.

मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आवाज न चढवता समजावून सांगायची सवय आहे. तीनदा सांगितलं: शेवटचा तुकडा आधी. उजवीकडून डावीकडे, खालून वर. चौथ्यांदा चढवला.

११ फेब्रुवारी

जुने पुसून नवे टाकले. आधी खालचा उजवा, शेवटी वरचा डावा. पान उघडलं — आणि पूल! या टोकापासून त्या टोकापर्यंत, सांधा दिसत नाही. खरं सांगायचं तर बराच वेळ पाहत बसले.

दुपारपर्यंत: आकाशाच्या मधल्या तुकड्याला अठ्ठावन्न बदाम. आमच्या मधल्या तुकड्याला एकतीस. त्या आकाशात काहीही नाही. ढगसुद्धा नाही.

१२ फेब्रुवारी

दुसरा ठराव, मीच मांडलेला: सव्वीसपर्यंत पानावर काहीही टाकायचं नाही. एक जरी नवी पोस्ट पडली तरी सगळे तुकडे एका खणाने पुढे ढकलले जातात आणि चित्र मोडतं. पाण्याचं तापमान नाही, सॉनाच्या वेळा नाहीत, हरवलं-सापडलं नाही. चार बाजूने, विरुद्ध कुणी नाही.

१७ फेब्रुवारी

अग्नेटे गेली. सकाळी सहाच्या सुमारास.

१८ फेब्रुवारी

पुलावरचा झेंडा अर्ध्यावर उतरवला. दफनापर्यंत अर्ध्यावर, दफन झालं की टोकाला. दोरी गोठली होती, हातमोजे काढावे लागले.

अकराला होल्गर आला. कोट अंगातच, खुर्चीच्या कडेवर बसला. कॉफी घेतली, प्यायला नाही. शनिवारी, बावीस तारखेला, एक वाजता चर्चमध्ये. पानावर घालशील का, म्हणाला. गावचं वर्तमानपत्र मागच्या वर्षी बंद पडलं, आता कुणाला काही कळवायचं तर आमचं पान हाच फळा — नऊशे लोक बघतात. तिच्याकडे पोहायला शिकलेली पोरं आता पन्नाशीची, चाळिशीची. कुणाची लग्नं होऊन आडनावं बदलली, कुणी फ्योर्डपलीकडे. पत्ते कुणाकडे आहेत?

"ती म्हणायची, मी मेले की एवढंच बघा, माझी पोरं आली का," होल्गर म्हणाला. "तेवढंच मागितलंय तिने."

मी ठराव सांगितला. पानही दाखवलं. त्याने चष्मा वर करून पुलावरचा प्रत्येक माणूस पाहिला.

"तीन टाकल्या तर चालेल?" मीच म्हटलं. "तीन एकदम टाकल्या तर चित्र अख्खं एक ओळ खाली जातं. मोडत नाही. मध्ये अग्नेटे, बाजूला दोन कोरे."

त्याने मान हलवली. "तिच्या दोन्ही बाजूंना रिकामं? तसं तर ती कधी नव्हती."

कार्यकारिणीला विचारते म्हटलं.

१९ फेब्रुवारी

विचारलं. नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

एब्बे: अग्नेटेच्या एका बाजूला पाण्याचं तापमान आणि दुसऱ्या बाजूला प्रतीक्षायादीचे नियम. "उपयुक्तही होईल."

प्रेबेन: अग्नेटेचाच एक फोटो रुंद करून तीन खणांत. तासाभरात करूनही पाठवला, नेमका, मिलिमीटरचीही चूक नाही. पानावर बघितलं तर अग्नेटे. पण लोकांना तुकडे सुटे सुटे दिसणार! पहिल्यात फ्योर्ड आणि एक कान. दुसऱ्यात नाक, डोळे. तिसऱ्यात दुसरा कान आणि टॉवेल.

होल्गरला फोनवर दाखवला.

"रिग्मोर, मला कान नको," म्हणाला.

मग म्हणाला, "जाऊ दे. ठराव तो ठराव. तूच मोडलास तर एब्बेला कोण आवरणार?" दहा वर्षं तो स्वतः अध्यक्ष होता. इतिवृत्त कसं लिहायचं ते मला त्यानेच शिकवलं.

पूल वाचला तर पुढची पोरं त्यावरून पोहायला शिकतील. अग्नेटेला हेच पटलं असतं. असं मी स्वतःला सांगितलं. दोनदा.

२० फेब्रुवारी

ब्रेड आणायला निघाले तर होल्गर दिसला. बंदराच्या रस्त्यावर, सायकल हाताने ढकलत. गारा मिसळलेला पाऊस. हँडलला पिशवी, पिशवीत हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या. दारोदार टाकत चालला होता. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस!

मी थांबवलं. "होल्गर, ही उन्हाळी घरं आहेत. मे महिन्यापर्यंत इथं कुणी येत नाही."

"माहीत आहे," म्हणाला. "पण इथल्या दोन पोरी तिच्याकडे शिकल्या होत्या. कुठल्या घरातल्या, ते आठवत नाही. म्हणून सगळ्यांत टाकतोय."

एक चिठ्ठी मला दिली. मला माहीत आहे हे त्याच्या लक्षात आलं नसेल. किंवा हातात होती म्हणून दिली असेल. शाई फुटली होती. "अग्नेटे" वाचता येत होतं, तारीख नाही.

घरी आले. ब्रेड विसरला. अग्नेटेचा तो फोटो शोधला — पुलावर उभी, ओले केस, हातात दोरी, दोरीचं दुसरं टोक चौकटीबाहेर. न कापता. खाली नाव, वार, वेळ, चर्च, आणि एक ओळ: जे तिच्याकडे पोहायला शिकले त्यांनी यावं.

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी टाकला. एकच.

पान पाहिलं. अग्नेटे वर डावीकडे. तिच्यापाठोपाठ आकाश एका खणाने सरकलेलं, पूल मध्येच सुरू होतो आणि मध्येच तुटतो. समुद्राकडचं टोक एकटंच खालच्या ओळीत जाऊन पडलं. त्या टोकावर एब्बे, छाती पुढे काढून, आणि त्याच्या शेजारी जानेवारीतली जुनी पोस्ट: "सापडला — पोहण्याचा निळा बूट, डाव्या पायाचा."

दोन मिनिटांत फोन वाजला. घेतला नाही.

२१ फेब्रुवारी

एब्बे दारात. बूट न पुसता आत.

"ठराव तूच मांडलास!"

हो म्हटलं.

"मी एका बुटाशेजारी उभा आहे, रिग्मोर! माझ्या सुनेने 'आधी अग्नेटेला बघा, मग बुटाला, मग सासऱ्यांना' असं करून सगळ्यांना दाखवलं. समिती बघेल तर काय म्हणेल?"

बूट कुणाचा आहे ते विचारतील, म्हटलं. हसला नाही. नंतर थोडा हसला. मग खुर्चीत बसून म्हणाला, "मलाही तिनेच शिकवलं. सात वर्षांचा होतो. दोरी सोडली की बोंब मारायचो." त्याला कॉफी दिली.

ठरावाचा भंग म्हणून माझ्या नावावर ताशेरा. इतिवृत्तात मीच लिहिला. योग्य आहे.

पोस्टखाली रात्रीपर्यंत दोनशे बारा जणांनी लिहिलं. अर्धे "दोरी" एवढंच लिहितात.

२२ फेब्रुवारी

चर्चमध्ये जागा नव्हती. पाद्रीबाईंनी दारं उघडी ठेवायला लावली, लोक बाहेर कबरींमध्ये उभे. पन्नाशीचे टकले, गर्भार बाया, एक पोलिस गणवेशात. उन्हाळी घरांमधल्या दोघी बहिणीही आल्या, कोपनहेगनहून, गाडीने चार तास. होल्गर प्रत्येकाचा हात धरून एकच विचारत होता, "कितव्या दिवशी दोरी सोडली तिने तुझी?" सगळ्यांना आठवत होतं!

नंतर पुलावर गेलो. झेंडा होल्गरनेच टोकाला चढवला. दोरी बांधता बांधता म्हणाला, "आता तिला खाली घे. पानावरून."

का, विचारलं.

"दफन झालं. पोरं आली. झेंडा अर्ध्यावर ठेवायची वेळ संपली, रिग्मोर. आता पूल दिसू दे."

२३ फेब्रुवारी

प्रेबेनने सांगितलं, पुसायची गरज नाही. पोस्ट लपवून ठेवता येते, लोकांनी लिहिलेल्या सगळ्यासकट. हवी तेव्हा परत आपल्या जागी. तसं केलं. तुकडे मागे आले. पूल पुन्हा अख्खा. एब्बे पुन्हा टोकाला. त्याने फोन करून आभार मानले — असं त्याने आजवर कधी केलं नव्हतं.

सकाळी सहाला एकटीच उतरले. पाणी एक अंश. बोलायला कुणी नव्हतं, तरी नियम पाळला.

२६ फेब्रुवारी

चार विरुद्ध तीन. पूल मे महिन्यात पाडणार.

मला तीन मिनिटं मिळाली होती. आमचं चित्र आपण सर्वांनी पाहिलंच असेल, अशी सुरुवात केली. समितीच्या अध्यक्षबाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सात माना हलल्या.

"कुठलं चित्र?"

घरी आले. कोट न काढता अग्नेटेला परत वर आणलं. सगळं एका खणाने सरकलं.

सरकू दे.