पाण्याचा हिरवा दिवा

२९ एप्रिल

वही, तुझ्याइतकी विसराळू मी जन्मात पाहिली नाही! काल नातीनं, झेनाइदानं, मागचं पान वाचून दाखवलं, तर बँडमास्तर ताउरिनोला घातलेल्या माझ्या तीन शिव्यांतली एकच उरलेली. बाकीच्या दोन गेल्या कुठं? नात म्हणते, "आजी, शाई संपत आली होती." चौदा वर्षांची झाली, अजून धड खोटं बोलता येत नाही. मला अक्षर येत नसेल, मी सांगते नि ती लिहिते, पण शिव्या मोजता येतात!

तर पुन्हा सांगते, या वेळी नीट ठेव. शाळेचा विज्ञान क्लब गुरुवारी. बँडची तालीमही गुरुवारीच. आमच्या डोंगरात पोर चालायला लागलं की त्याच्या हातात वाजंत्री देतात. झेनाइदानं क्लॅरिनेट खाली ठेवली आणि क्लबच्या विजेच्या तारा हातात घेतल्या. ताउरिनो दारात येऊन विचारतो, "फ्रोसीआजी, तारा घेऊन ही कुणाच्या लग्नात वाजवणार?"

मी म्हटलं, "तुझ्या ट्रम्पेटवाल्यांपेक्षा सुरात वाजवेल."

गेला. कॉफी न पिताच.

१ मे

आज क्लबच्या पोरांनी गावच्या टाकीत डबा सोडला. रंगाचा रिकामा डबा, त्याला दोरी, दोरीला तार, आणि तार थेट खाली चावडीपर्यंत. पाणी असलं की डबा वर तरंगतो आणि चावडीवर हिरवा दिवा. पाणी उतरलं की डबा खाली आणि लाल दिवा. म्हणजे ज्याची पाळी असेल त्यानं रोज पहाटे डोंगर चढून टाकीत डोकवायला नको. एवढं मलासुद्धा कळलं. ग्रामसभेला समजावताना मात्र क्लबच्या मास्तर आब्दीयासला तासभर लागला! मास्तर म्हणजे काठीला घातलेला सदरा. खालच्या मुलखातला. इतकं हळू बोलतो की पुढच्या बाकावरचेही "काय?" म्हणतात.

सभेनं अट घातली — २२ तारखेपर्यंत दिवा नीट चालला तर कागदावर गावाचा शिक्का. शिक्का नसेल तर शहरातल्या प्रदर्शनात क्लबला उभंच करत नाहीत. आणि तिथं जो पहिला येईल, त्याला शहराच्या विज्ञानशाळेत राहून शिकायला जागा.

झेनाइदा हे लिहिताना हळू झालीय. लिही गं!

९ मे

हिरवा. रोज हिरवा. ताउरिनोचा चेहराही त्याच रंगाचा.

१५ मे

सांगवत नाही, तरी सांगते.

सान इसिद्रोचा, शेतकऱ्यांच्या संताचा सण. शेजारच्या गावचा बँड पाहुणा आलेला, चाळीस माणसं. आपल्या बायकांनी चुन्यात शिजवलेला मका धुवायला काढला — पाट्याच्या पाट्या! नळ सोडला. खोकला. दोन थेंब. संपलं. चावडीवर दिवा हिरवागार, आणि टाकी कोरडी ठणठणीत. दिव्यावर भरवसा ठेवून आठवडाभर कुणी वर गेलंच नव्हतं.

पाहुणे उन्हात बसून राहिले. बायका ओढ्यावरून घागरी आणतायत. पाहुण्यांना जेवायला उशीर — आमच्या गावात! त्यापेक्षा चावडी जळालेली परवडली.

ताउरिनो भर चौकात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "झेनाइदाबाई, आता तुमचा दिवाच वाढा पानात!"

१६ मे

मास्तर घरोघर माफी मागत फिरला. कुणाला ऐकूच आली नाही.

झेनाइदा सभेच्या अध्यक्षांसमोर उभी राहून म्हणाली, "डब्याची गाठ माझी होती. सैल राहिली." बस्स. मी विचारलं, तर मलाही तेच. ही पोरगी शेरडाच्या गळ्यातली गाठही तीनदा ओढून बघते! सैल कशी राहील? कुणाला विचारावंसं वाटत नाही. सगळ्यांना बरंच वाटलंय — बघा, तारांनी पाणी येत नाही! डोकं फिरलंय माझं. आज जास्त बोलत नाही.

१९ मे

टाकी धुवायला घरटी एक माणूस. आमच्या घरचं माणूस मीच. आत उतरलेल्यांनी गाळ काढला आणि गाळाबरोबर काळा पडलेला एक हार वर फेकला. म्हणे शिडीत आणि डब्याच्या दोरीत गुंतला होता. पाणी उतरलं तरी डबा वरच लटकलेला.

हार लाल लोकरीनं बांधलेला. या गावात लाल लोकरीनं हार कोण बांधतं? एकच म्हातारी.

हो, मीच. ३ तारखेला, क्रुसाच्या सणाला, पाण्याच्या धन्याला फुलं वाहायची, ती वर झऱ्यावर. गुडघे नाही म्हणाले. टाकीतलं पाणी झऱ्याचंच की, असं म्हणून झाकण सरकवलं आणि सोडला हार. मागितलं काय? पोरीचं यंत्र चालू दे!

घरी आल्यावर विचारलं, तुला ठाऊक होतं?

"सान इसिद्रोच्याच दिवशी, नळ आटल्यावर, वर जाऊन पाहिलं, आजी. लोकर दिसली."

मग बोलली का नाहीस!

"तुला सभेत उभं केलं असतं."

उभं करू दे की! मी काय साखरेची आहे? चार दिवस स्वतःच्या माथ्यावर घेऊन फिरली. आणि माझ्याच तोंडून गाठीची तक्रार लिहून घेतली, मान खाली घालून! हे लिहायलाही नको म्हणते. सगळं लिही. एक शब्द गाळलास तर बघ.

२२ मे

सभेत उठले. हार टेबलावर ठेवला. म्हटलं, गाठ घट्ट होती, म्हातारी सैल होती.

कुणी हसलं नाही. वाईट वाटलं, वाक्य चांगलं होतं.

ताउरिनो म्हणाला, "म्हणजे आजी, पाहुणे तुमच्यामुळं उपाशी बसले?"

"माझ्यामुळं. पोरांच्या तारांमुळं नाही. शिक्षा मला द्या, शिक्का त्यांना."

दोन तास वाद! टाकीच्या झाकणापासून ताउरिनोच्या आजोबांच्या ढोलापर्यंत सगळं निघालं. मास्तर एकदाच बोलला, आणि चक्क ऐकू आला — "यंत्रानं त्याचं काम केलं. माणसांनी वर जाऊन बघायचं सोडलं." मग हात वर झाले. ताउरिनोचा सगळ्यात शेवटी, खांद्यापर्यंतच.

शिक्का बसला. मला दंड — झाकणाला जाळी माझ्या घरची, आणि फुलं झऱ्यावरच. गुडघ्यांना कळवलंय.

११ जून

आज लिहिणारा हात मास्तर आब्दीयासचा आहे. प्रदर्शनात झेनाइदा पहिली आली. तिथले वर्ग सोमवारपासूनच, म्हणून परत आलीच नाही. तीन वर्षं तिथंच. मास्तर, थांबलात का? लिहा. बुधवारच्या गाडीनं तिला पाठवायचं — मोठ्या कडक भाकऱ्या वीस, उभ्या बांधून, आडव्या मोडतात. काळ्या घेवड्याचं वाटण. सुक्या मिरच्या मूठभर. चीज नको, वाटेत त्याला घाम फुटतो.